फॉर्मवर सिगारेट, खिशात मावा! स्कूबा डायव्हिंगआधी खरा प्रश्न कोणता?

दिवाळीची सुट्टी लागली की पलूस, तासगाव, वाळवा, विटा भागातून निघणाऱ्या गाड्यांचा रस्ता ठरलेला असतो. कोल्हापूर, तिथून घाट उतरून कणकवली किंवा कसाल आणि संध्याकाळपर्यंत मालवण. सिंधुदुर्ग किल्ला, सुरमईचे ताट आणि तारकर्लीचा किनारा या तिन्हींच्या जोडीला गेल्या काही वर्षांत चौथी गोष्ट आली आहे, ती म्हणजे स्कूबा. पाण्याखालच्या माशांसोबत अंगठा जुळवून काढलेला फोटो आता गावाकडच्या प्रत्येक व्हॉट्सअॅप ग्रुपवर दिसतो.

होडीत बसण्याआधी हातात एक कागद येतो. दमा आहे का, हृदयविकार आहे का, कानाचे ऑपरेशन झाले आहे का, धूम्रपान करता का? मागे रांग असते, होडीवाला घाई करत असतो. बहुतेक जण न वाचता सगळीकडे 'नाही' लिहून सही ठोकतात. गंमत अशी, की धूम्रपानाच्या प्रश्नावर पलूसकडचा माणूस 'नाही' लिहितो तेव्हा तो बऱ्याचदा खरेच सांगत असतो. तो सिगारेट ओढत नाहीच. त्याच्या खिशात मावा असतो.

आपल्याकडे धूर कमी, चघळणे जास्त

प्रौढांच्या तंबाखू सेवनाचे जागतिक सर्वेक्षण भारतात २०१६-१७ मध्ये झाले. त्यात महाराष्ट्रातील २६.६ टक्के प्रौढ कोणत्या ना कोणत्या स्वरूपात तंबाखू घेतात असे आढळले. पण ओढणारे होते फक्त ३.८ टक्के. चघळणारे, दाढेत धरणारे, दातांना लावणारे होते २४.४ टक्के. म्हणजे ओढणाऱ्या एकामागे खाणारे सहाहून जास्त. स्त्रियांमध्ये तर ओढणाऱ्या १.४ टक्के आणि धूरविरहित तंबाखू घेणाऱ्या १६.६ टक्के होत्या. खेड्यापाड्यांतून सकाळी मशेरी लावणाऱ्या बायका पाहिलेल्या कुणालाही हा आकडा फार वाटणार नाही.

स्कूबाबरोबर जे वैद्यकीय प्रश्न आपल्याकडे आले ते बाहेरच्या देशांतून आले. तिथे तंबाखू म्हणजे प्रामुख्याने सिगारेट. जगभरातील डायव्हिंग प्रशिक्षण संस्था वापरतात त्या प्रश्नावलीचा नमुना २०२० मध्ये सुधारला गेला. त्यात ४५ वर्षांवरील व्यक्तीला विचारले जाते की सध्या धूम्रपान करता का, किंवा दुसऱ्या मार्गाने निकोटिन श्वासावाटे आत घेता का? उत्तर 'होय' आले तर डॉक्टरांची तपासणी करून या, असे सांगितले जाते. हा प्रश्न चांगला आहे, पण तो फुप्फुसाच्या दारातून येणाऱ्या तंबाखूपुरता आहे. गालात धरलेल्या तंबाखूला तो लागू होत नाही. सिंधुदुर्गच्या किनाऱ्यावर पश्चिम महाराष्ट्रातून येणाऱ्या पर्यटकांपैकी तंबाखू घेणारे बहुसंख्य लोक त्यामुळे खोटे न बोलताही चाळणीतून निसटतात.

विहिरीतली बुडी आणि स्कूबा यात फरक काय?

पलूस तालुक्याला पाणी नवे नाही. आमणापूर, अंकलखोप, औदुंबर, भिलवडी ही गावे कृष्णेच्या काठावरची. २००५, २०१९ आणि २०२१ चे महापूर या गावांनी अंगावर घेतले आहेत. ८ ऑगस्ट २०१९ रोजी ब्रह्मनाळला पूरग्रस्तांना नेणारी होडी उलटून गेलेले जीव तालुका विसरलेला नाही. पोहायला इथली मुले नदीत कमी आणि विहिरीतच जास्त शिकतात. नदीत आता मगरींची धास्ती असते आणि गढूळ पाण्यात तसेही काही दिसत नाही. मोटारीचा फुटव्हॉल्व्ह अडकला की 'दम धरून' तळाला जाणारा एखादा पट्टीचा पोहणारा प्रत्येक वस्तीवर सापडतो. असा माणूस मालवणला गेला की त्याला वाटते, स्कूबा म्हणजे काय, हीच बुडी, फक्त नळी लावून. इथेच पहिली गफलत होते.

विहिरीत बुडी मारणारा वरची हवा छातीत भरून खाली जातो. दहा मीटर खोलीवर पाण्याचा दाब मिळून एकूण दाब दुप्पट होतो आणि छातीतली हवा निम्म्या जागेत आवळली जाते. वर येताना ती पुन्हा पसरते, पण मुळात होती त्यापेक्षा जास्त होत नाही. त्यामुळे दम धरणे हा तिथे गुण ठरतो.

स्कूबामध्ये माणूस खाली गेल्यावर श्वास घेतो. पाठीवरच्या टाकीतून (बातम्यांत तिला सर्रास ऑक्सिजनचा सिलिंडर म्हणतात, प्रत्यक्षात पर्यटकांच्या टाकीत साधी हवाच असते) किंवा होडीवरून सोडलेल्या नळीतून येणारी हवा आजूबाजूच्या पाण्याच्या दाबाइतक्याच दाबाने मिळते. दहा मीटरवर भरलेली छाती दम धरून तशीच वर आणली, तर तीच हवा पृष्ठभागावर येईपर्यंत दुप्पट जागा मागते. छातीत तेवढी जागा नसते. फुप्फुसाचे पातळ पडदे फाटतात, हवेचे बुडबुडे रक्तात शिरतात आणि थेट मेंदूपर्यंत जाऊ शकतात. यासाठी दहा मीटर खोलीही लागत नाही. छाती पूर्ण भरलेली असेल तर शेवटचा एक-दीड मीटरसुद्धा पुरतो. म्हणून स्कूबाचा पहिला नियम आहे, दम कधीही धरायचा नाही. विहिरीत कमावलेली सवय इथे उलटते, हे पट्टीच्या पोहणाऱ्यांना आवर्जून सांगावे लागते.

विडी-सिगारेटने नेमके काय बिघडते?

ओढणाऱ्याच्या बारीक श्वासनलिकांना सूज असते, त्यांत कफ साचलेला असतो. कफ वर ढकलणारी सूक्ष्म केसांची यंत्रणा धुराने मंदावलेली असते. अशा फुप्फुसात हवा आत शिरते, पण काही कप्प्यांतून ती सहज बाहेर पडत नाही. माणूस नियमाप्रमाणे श्वास सोडत वर येत असला तरी त्याच्या फुप्फुसाचा एखादा कोपरा दम धरूनच बसलेला असतो. वर सांगितलेला फाटण्याचा धोका त्या कोपऱ्यात तयार होतो. वीस-पंचवीस वर्षे विडी ओढून ज्यांना दम्यासारखी धाप लागते, त्यांच्यासाठी ही भीती पुस्तकी नाही. अशांनी छातीच्या डॉक्टरांच्या तपासणीशिवाय पाण्याखाली जाऊ नये.

दुसरी गोष्ट कार्बन मोनॉक्साइडची. धुरातला हा वायू रक्तातील हिमोग्लोबिनला ऑक्सिजनच्या दोनशेपटीहून अधिक घट्ट चिकटतो. नियमित ओढणाऱ्याच्या रक्तातील पाच-सात टक्के हिमोग्लोबिन असे अडकून पडलेले असणे नेहमीचे आहे. घरात बसल्यावर ते जाणवत नाही. लाटेत, अंगावर वजन बांधून, घाबरलेल्या अवस्थेत हातपाय मारताना जाणवते. होडीवरून नळीने हवा देण्याची पद्धत असेल तिथे यात एक भर पडते. कॉम्प्रेसर हवा ओढतो ती होडीच्या आसपासची. इंजिनाचा धूर त्या तोंडाशी येत असेल किंवा तिथेच उभे राहून कुणी सिगारेट पेटवली असेल, तर तो धूर खाली असलेल्या माणसाच्या छातीत जातो. त्याने आयुष्यात विडी ओढलेली नसली तरीही.

रक्तात विरघळलेला नायट्रोजन बुडबुड्यांच्या रूपात बाहेर पडून होणारा 'डीकंप्रेशन'चा आजार वेगळा. पाच-दहा मीटरच्या, पंधरा-वीस मिनिटांच्या पर्यटकी डुबकीत तो होण्याची शक्यता फार कमी. मात्र रीतसर प्रशिक्षण घेऊन खोल जाणाऱ्यांची संख्या आता सांगली-कोल्हापुरातही वाढते आहे. अमेरिकेतील 'डायव्हर्स अलर्ट नेटवर्क'कडील अपघातांच्या नोंदी तपासून २००३ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. हा आजार झालेल्यांपैकी जे भरपूर सिगारेट ओढणारे होते, त्यांच्यात कधीच न ओढणाऱ्यांपेक्षा गंभीर लक्षणे अधिक दिसली. दिवसात दोन-तीन खोल डुबक्या मारून त्याच संध्याकाळी घाट चढून घरी निघणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. घाटमाथा सहाशे-सातशे मीटर उंच आहे, तिथे हवेचा दाब कमी होतो आणि राहिलेले बुडबुडे मोठे होतात. विमानप्रवासाआधी पाळतात तशीच रात्रभराची विश्रांती इथेही शहाणपणाची.

मग तंबाखू-मावा खाणाऱ्याला धोका नाही?

त्याची फुप्फुसे तुलनेने स्वच्छ असतात, हे खरे. म्हणूनच तो स्वतःला निर्धास्त समजतो. पण त्याचा धोका दुसऱ्या तीन ठिकाणी असतो आणि त्याबद्दल किनाऱ्यावर फारसे बोलले जात नाही.

पहिले ठिकाण म्हणजे तोंड. मावा आणि गुटख्यातला खरा खलनायक तंबाखूइतकाच सुपारी आहे. रोज सुपारी चघळणाऱ्यांच्या गालाच्या आतली त्वचा हळूहळू ताठ, पांढुरकी, दोरीसारखी होत जाते आणि तोंड कमी उघडू लागते. दंतवैद्य याला 'सबम्युकस फायब्रोसिस' म्हणतात. ही कर्करोगाआधीची अवस्था मानली जाते. पलूस-तासगावच्या कोणत्याही दंतवैद्याच्या खुर्चीवर विशी-पंचविशीतली अशी पोरे बसलेली दिसतील. तिखट लागले की तोंडाची आग, भाकरीचा घास लहान करावा लागणे ही त्याची सुरुवातीची लक्षणे. स्कूबाची नळी ज्या रबरी तुकड्याने तोंडात धरायची असते, तो दातांत पकडून ओठ त्याभोवती घट्ट मिटावे लागतात, आणि पाण्याखाली तो निसटला तर स्वतःच्या हाताने परत तोंडात घालावा लागतो. ज्याचे तोंड दोन बोटे उघडत नाही, त्याला किनाऱ्यावर हे कसेबसे जमते. खाली, खारे पाणी तोंडात आल्यावर, जमेलच असे नाही.

दुसरे ठिकाण कान. पाण्यात दोन-तीन मीटर खाली गेले की कानावर दडा बसतो. नाक चिमटीत धरून हळूच हवा फुंकायची किंवा आवंढा गिळायचा, म्हणजे घशातून कानाकडे जाणारी नळी उघडते आणि दाब सारखा होतो. ही नळी उघडण्याचे काम टाळूचे स्नायू करतात. सुपारीने टाळूपर्यंत ताठरपणा पोचला असेल तर हेच स्नायू नीट काम करत नाहीत. अशा रुग्णांमध्ये कानाच्या नळीचे काम बिघडते, हे वैद्यकीय अभ्यासांत नोंदले गेले आहे. ओढणाऱ्यांचेही नाक-घसा सुजलेले असल्याने त्यांनाही दडा काढायला त्रास होतोच. कान दुखत असताना लाजेने किंवा पैसे वाया जातील म्हणून तसेच खाली जाणाऱ्याचा पडदा फाटू शकतो. फाटलेल्या पडद्यातून थंड पाणी आतल्या कानापर्यंत गेले की क्षणात चक्कर येते आणि वर कुठे, खाली कुठे हेच कळेनासे होते.

तिसरे ठिकाण हृदय. तंबाखू ओढली काय नि खाल्ली काय, निकोटिन तेच. ओढल्यावर ते झटकन चढते आणि उतरते. दाढेत धरल्यावर सावकाश चढते आणि बराच वेळ टिकून राहते. बार थुंकून, चूळ भरून होडीत चढलेल्या माणसाच्या रक्तात ते पाण्याखालीही काम करत असते. नाडी वाढलेली, रक्तदाब वाढलेला, रक्तवाहिन्या आकसलेल्या. त्यात माणूस पाण्यात उतरला की पायांतले अर्ध्या लिटरहून अधिक रक्त छातीकडे ढकलले जाते आणि हृदयाचा भार आणखी वाढतो. पस्तिशीतल्या निरोगी माणसाला हे पेलते. पन्नाशीच्या, मधुमेह-रक्तदाब असलेल्या आणि दिवसाला आठ-दहा वेळा तंबाखू मळणाऱ्या माणसाची गोष्ट वेगळी आहे. जगात मनोरंजनासाठी डायव्हिंग करताना होणाऱ्या मृत्यूंत हृदयविकाराचा वाटा मोठा आहे, आणि हे लोक बहुधा वयस्क असतात. कुटुंबाच्या सहलीत नातवंडांच्या आग्रहाखातर पाण्यात उतरणारे आजोबा नेमके याच गटातले.

एक किरकोळ वाटणारी गोष्टही आहे. तोंडात नळी असताना थुंकता येत नाही. नुकताच बार थुंकलेल्याला लाळ सुटत राहते, ती गिळावी लागते आणि मळमळते. होडी लागलेल्याला तर आधीच मळमळत असते.

दारू, गांजा आणि 'एमडी'चे काय?

मालवणची सहल आणि आदल्या रात्रीची 'बैठक' हे समीकरण सगळ्यांना माहीत आहे. सकाळी उठल्यावर नशा उतरलेली वाटते, पण शरीरातले पाणी कमी झालेले असते, डोके जड असते, उलटीची भावना असते. तोंडात नळी असताना झालेली उलटी ही पाण्याखालच्या सर्वांत वाईट प्रसंगांपैकी एक. शिवाय पाण्याखाली सगळी सुरक्षा एका गोष्टीवर उभी असते. गाइडच्या हाताची खूण ओळखायची आणि लगेच तसे वागायचे. दारूने आधी जाते ती हीच तत्परता. आदल्या संध्याकाळपासून दारू बंद ठेवणे हा किमान नियम धरावा.

गांज्याच्या धुरातही कार्बन मोनॉक्साइड आणि डांबर असते, आणि गांजा ओढणारे धूर छातीत जास्त वेळ कोंडून धरतात. नाडी वाढते, वेळेचा अंदाज चुकतो, भीती एकदम अंगावर येते. तीस मीटरच्या आसपास खोलीवर नायट्रोजनमुळेच माणसाला गुंगी येऊ लागते. त्यावर गांज्याची किंवा दारूची गुंगी चढली तर खोल जाणारा डायव्हर टाकीत किती हवा उरली आहे हे पाहायचेच विसरू शकतो.

आणि 'एमडी'. हा शब्द या भागात आता नवा राहिलेला नाही. २०२४ मध्ये कुपवाड आणि कवठेमहांकाळ तालुक्यातील इरळी, २०२५ च्या सुरुवातीला विट्याजवळचे कार्वे येथे मेफेड्रोनवर मोठ्या कारवाया झाल्या. मेफेड्रोन हृदयाची गती आणि रक्तदाब बेफाम वाढवते, ठोके अनियमित करते, झटकेही आणू शकते. जमिनीवर झटका आला तर आजूबाजूचे सावरतात. पाण्याखाली झटक्यात नळी तोंडातून सुटते आणि माणूस बुडतो. अशा पदार्थाच्या बाबतीत 'किती तास आधी बंद करावे' हा प्रश्नच गैरलागू आहे. तो घेणाऱ्याने पाण्याखाली जाऊ नये आणि घरच्यांना कळत असेल तर जाऊ देऊ नये.

नशेच्या यादीत न बसणारी औषधेही सांगायला हवीत. सर्दीची गोळी घेऊन नाक मोकळे केले आणि खाली असतानाच तिचा असर ओसरला, तर वर येताना कानात-कपाळात कोंडलेली हवा बाहेर पडत नाही. सर्दीच्या आणि होडी लागू नये म्हणून घेतल्या जाणाऱ्या बऱ्याच गोळ्यांनी झोप येते. सर्दी असेल तर त्या दिवशी स्कूबा रद्द. एवढे साधे आहे.

आदल्या दिवशी सोडून भागेल का?

थोडा फायदा होतो, पूर्ण नाही. रक्तातला कार्बन मोनॉक्साइड दर चार ते सहा तासांनी निम्मा होतो. म्हणजे चोवीस तास विडी-सिगारेट बंद ठेवली तर तो जवळपास निघून जातो. निकोटिन त्याहून लवकर उतरते. हे दोन फायदे खरे आहेत, म्हणून ज्याला कायमची सोडणे जमत नाही त्याने निदान आदला अख्खा दिवस ओढू-खाऊ नये.

पण कफ, सूज आणि अडकणारी हवा एका दिवसात जात नाही. उलट ओढणे थांबवल्यावर सुरुवातीला खोकला वाढल्यासारखा वाटतो, कारण साफसफाईची यंत्रणा पुन्हा सुरू होत असते. फुप्फुसांचे काम सुधारल्याचे दोन आठवड्यांपासून तीन महिन्यांत दिसू लागते. दुसरीकडे तंबाखू सोडल्यावरची तलफ, चिडचिड, बेचैनी पहिल्या दोन-तीन दिवसांत सर्वांत तीव्र असते. म्हणजे गुरुवारी सोडून शनिवारी पाण्यात उतरणारा माणूस नेमका सर्वांत अस्वस्थ अवस्थेत उतरतो. सहल दिवाळीत ठरली असेल तर तंबाखू गणपतीत सुटलेली बरी. सुपारीने ताठ झालेला गाल मात्र सोडल्याने पूर्ववत होईल याची खात्री नसते. तो आणखी बिघडायचा थांबतो, आणि त्यासाठी दंतवैद्याकडे जावेच लागते.

सोडायला मदत मिळते. तंबाखूच्या पाकिटांवर २०१८ पासून छापलेला १८००-११-२३५६ हा क्रमांक शोभेचा नाही. त्यावरून प्रशिक्षित समुपदेशक फुकट बोलतात आणि मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातही या सेवेचे केंद्र आहे. राष्ट्रीय तंबाखू नियंत्रण कार्यक्रमाखाली जिल्हा पातळीवर समुपदेशनाची सोय आहे. निकोटिनचे च्युइंगम किंवा चिकटपट्टी डॉक्टरांच्या सल्ल्याने वापरता येते. (च्युइंगम तोंडात ठेवून पाण्यात उतरू नये, हे वेगळे सांगायला हवे, कारण लोक उतरतात.) ब्युप्रोपिऑन नावाची गोळी तंबाखू सोडण्यासाठी दिली जाते, पण तिच्याने झटके येण्याची शक्यता वाढते. ती चालू असताना स्कूबा करू नये. गोळी देणाऱ्या डॉक्टरांना रुग्णाच्या सहलीचा बेत माहीत नसतो, तेव्हा तो आपणच सांगायचा.

फॉर्ममध्ये काय बदलायला हवे?

स्कूबावर बंदी घाला, असे कुणी म्हणणार नाही. तारकर्लीतील राज्य पर्यटन महामंडळाच्या प्रशिक्षण केंद्राने मालवणच्या अनेक तरुणांना रोजगार दिला. नौदलातून निवृत्त झालेली 'गुलदार' ही युद्धनौका निवतीजवळच्या समुद्रात पाण्याखालचे आकर्षण म्हणून वापरण्याचा प्रकल्प हाती घेतला गेला आहे. गर्दी वाढणार आहे. राज्याने २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचे धोरण जाहीर केले. २४ मे २०२२ रोजी तारकर्लीत स्कूबाहून परतणारी होडी उलटून दोन पर्यटकांचा मृत्यू झाला, तेव्हा लाइफ जॅकेट आणि होडीची क्षमता यावर चर्चा झाली. ती हवीच होती. पण होडीत बसणाऱ्या माणसाच्या शरीराबद्दलची चर्चा अजून त्या छापील कागदाच्या पुढे गेलेली नाही.

तो कागद सुधारणे अवघड नाही. तो मराठीत असावा, आणि त्यात 'धूम्रपान करता का' याऐवजी विडी, सिगारेट, तंबाखू, मावा, गुटखा, सुपारी, मशेरी यांपैकी काय घेता, शेवटचे कधी घेतले, असे नाव घेऊन विचारावे. गुटख्यावर २०१२ पासून राज्यात बंदी आहे, म्हणून तो शब्द फॉर्मवरून वगळणे म्हणजे स्वतःची फसवणूक. हे विचारण्याची जागा सासू-सासरे आणि मुलांच्या समोरची नसावी. मशेरी लावणारी सून किंवा चोरून सिगारेट ओढणारा मुलगा चारचौघांत खरे लिहिणार नाही, हे गृहीत धरून प्रत्येकाला बाजूला घेऊन दोन मिनिटे बोलावे. त्याच दोन मिनिटांत दोन साध्या चाचण्या होतात. स्वतःची तीन बोटे उभी दातांमध्ये बसतात का ते पाहायचे, आणि नाक धरून हवा फुंकल्यावर दोन्ही कानांत 'टक' होते का ते विचारायचे. यांपैकी एक जरी जमले नाही तरी डुबकी नाही. किनाऱ्यावर राहिलेल्यासाठी स्नॉर्कलिंग आहे, डॉल्फिन दाखवणारी फेरी आहे.

खरी अडचण पैशांची आहे. चार जणांचे आगाऊ पैसे भरलेले असतात. 'होय' लिहिले तर पैसे बुडणार असतील, तर माणूस 'नाही'च लिहिणार. त्याला दोष देण्यात अर्थ नाही, कारण व्यवहारच तसा मांडलेला आहे. वैद्यकीय कारणाने नाकारलेल्याला पूर्ण पैसे परत किंवा पुढची तारीख देण्याची अट परवान्यातच घालावी. व्यावसायिकांना यात तोटा दिसेल, पण हंगामात रांगेत उभा असलेला पुढचा पर्यटक ती जागा लगेच भरतो. पावसाळ्यात समुद्र बंद असतो. परवान्याच्या अटी बदलण्यासाठी आणि नवे फॉर्म छापण्यासाठी तेवढे महिने पुरेसे आहेत.

तोवर पलूसहून निघणाऱ्यांनी एक काम घरूनच करावे. गाडीत बसण्याआधी आरशासमोर उभे राहून तोंडात तीन बोटे घालून पाहावीत. बसली नाहीत तर मालवणच्या गाइडच्या आधी गावातल्या दंतवैद्याची वेळ घ्यावी.